डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) झालंय, संभाजीनगरात लॅबमध्ये नोकरी कशी मिळेल? की पुणंच गाठावं?

पुण्याची घाई करू नका. आधी महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी करून घ्या. ती नसेल तर चांगल्या ठिकाणी अर्जच बाजूला पडतो.

मग सरळ पायी फिरा. घाटी रुग्णालयाच्या आसपास, सिडकोत, जालना रोडला लॅब भरपूर आहेत, आणि छोट्या लॅबवाले जाहिरात देत बसत नाहीत, ओळखीच्याला विचारतात. सकाळी मात्र जाऊ नका, तेव्हा उपाशीपोटी आलेल्या पेशंटची रांग असते. दुपारी तीननंतर मालक निवांत भेटतो. मला पहिली नोकरी अशीच मिळाली. मॅडमनी सर्टिफिकेट नंतर पाहिलं, आधी एका आजीबाईंचं रक्त काढायला लावलं. शीर सापडली, पण मॅडमची नजर माझ्या हातातल्या जांभळ्या टोपणाच्या नळीवर होती; तिच्यात रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, ते रक्तात नीट मिसळावं लागतं. ती हळूच 8-10 वेळा उलटी-सुलटी केली, जोरात हलवली नाही, तेव्हा म्हणाल्या, "उद्यापासून या."

सरकारी जागांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीवर लक्ष ठेवा, जाहिरात जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येते. नांदेड, लातूर, अंबाजोगाईलाही सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथल्या जाहिरातीही बघत जा.

पगार सुरुवातीला कमीच असतो, हे खरं. तरी पहिलं वर्ष अशी लॅब निवडा जिथे हिमॅटॉलॉजी (रक्तपेशींच्या तपासण्या), बायोकेमिस्ट्री (साखर, किडनी-लिव्हरच्या तपासण्या), मायक्रोबायोलॉजी (जंतूंच्या तपासण्या) सगळं हाताखालून जाईल. नुसतं सॅम्पल गोळा करून पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्या सेंटरवर शिकायला फारसं मिळत नाही. आणि नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.