आयसिन दाखवला, पण शेअर कुणाचे?

प्रश्न : मिरकरवाड्यातल्या बोटींना बर्फ पुरवणारा कारखाना मी विकत घेतोय. तो प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा आहे. ६० टक्के शेअर मुंबईच्या एका कंपनीकडे, बाकीचे दोघा भावांच्या नावे; त्यातला धाकटा वारला. कागदी सर्टिफिकेटं आणि आयसिन दाखवून १० लाख विसार मागतायत. देऊ का?

उत्तर : आत्ता देऊ नका. आयसिन हा बारा अक्षरी नंबर शेअरच्या प्रकाराचा असतो, मालकाचा नव्हे. कंपनीच्या एका प्रकारच्या सगळ्या समभागांना तो एकच, म्हणजे एकही शेअर नसलेला माणूसही तो सांगू शकतो. एनएसडीएल या, शेअर इलेक्ट्रॉनिक (डीमॅट) रूपात सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते बघा. सुरुवातही वाचा. ‘आयएनई’ ठीक, ‘आयएन९’ असेल तर शेअरची पूर्ण रक्कम भरलेली नाही आणि उरलेली उद्या तुमच्याकडून मागतील.

खरी अडचण त्या ६० टक्क्यांची आहे. निम्म्याहून जास्त शेअर दुसऱ्या कंपनीकडे असले की ही उपकंपनी ठरते, आणि उलाढाल कितीही लहान असो, शेअर कागदीच ठेवण्याची ‘लघु कंपनी’ची सवलत उपकंपनीला नाही. ३१ मार्च २०२३ लाही हीच स्थिती असेल तर शेअर डीमॅट करण्याची कंपनी कायद्याच्या नियम ९ब खालची मुदत ३० जून २०२५ ला संपली. आता कागदी शेअर एसएच-४ या हस्तांतरणाच्या फॉर्मवर विकता येत नाहीत. आधी विकणाऱ्यानं स्वतःच्या खात्यात ते डीमॅट करायला हवेत. सर्टिफिकेटांचा गठ्ठा घेऊन पैसे दिलेत, तर कंपनीच्या नोंदवहीत तुमचं नाव चढणार नाही.

धाकट्याच्या शेअरवर थोरल्याची सही चालत नाही. नॉमिनी किंवा वारसांचं नाव आधी लागलं पाहिजे, मग डीमॅट. यात महिने जातात. सही जुळत नाही, सर्टिफिकेटवरचं आणि पॅनवरचं नाव वेगळं, अशा कारणांनी अर्ज परत येतात; ते आधीच तपासून घ्या.

प्रत्येक विक्रेत्याचं ताजं डीमॅट होल्डिंग स्टेटमेंट मागा: तोच आयसिन, शेअरची संख्या, आणि काही गहाण आहे का. कंपनीचा शेवटचा पीएएस-६ फॉर्मही (शेअरच्या संख्येचा सहामाही ताळमेळ) मागा. त्यातली एकूण संख्या भागभांडवलाशी जुळली पाहिजे. थकीत वीजबिल, पीएफ, बँकेचा बोजा शेअरबरोबर तुमच्याकडे येतात, आणि आयसिनवरून यातलं काहीच कळत नाही.

विसार द्यायचाच तर लेखी करार करून एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पुऱ्या होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात ठेवा. शेअर तुमच्याकडे पाठवायला विकणारा जी डिलिव्हरी स्लिप भरतो, तिच्यावर आयसिन, संख्या आणि तुमचा डीपी व क्लायंट आयडी (तुमच्या डीमॅट खात्याचा नंबर) आकडा न् आकडा ताडून पाहा. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे १ कोटीला १,५०० रुपये. उरलेली रक्कम मात्र शेअर तुमच्या खात्यात दिसल्यावरच सोडा.