काही कळत नसताना सिंफनी ऑर्केस्ट्राच्या कॉन्सर्टला जाण्यात अर्थ आहे का? संगीताने आयुष्यात खरंच फरक पडतो का?

आहे ना, आणि मुंबईत असाल तर एका कॉन्सर्टवर थांबू नका, जमेल तेवढा अख्खा सीझन ऐका. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मधे सुरू झाला, नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या) जमशेद भाभा थिएटरमधे वर्षातून साधारण दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास, त्यांचे लागोपाठ कार्यक्रम असतात.

मला नोटेशन वाचता येत नाही, मी भीमसेनजी आणि किशोरीताई ऐकत वाढलो, त्यामुळे आधी कान तानपुराच शोधत होते, आणि इथे तर एकाच वेळी चार सुरावटी चालू, कुठली धरायची तेच कळेना. पण दोन-तीन कॉन्सर्ट झाले की आपण आपसूक कधी चेलो या खर्जातल्या तंतुवाद्याच्या मागे जातो, कधी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या.

चेक संगीतकार द्वोरझाकची नववी सिंफनी, १८९३ ची, प्रोग्रामवर दिसली तर सोडू नकाच. दुसऱ्या मूव्हमेंटमधे, म्हणजे सिंफनीच्या दुसऱ्या भागात, इंग्लिश हॉर्नवर (ओबोचाच खालच्या सुरातला भाऊ) जी संथ धून येते ती ऐकायला काही म्हणजे काही कळावं लागत नाही. आणि झांजेवर लक्ष ठेवा, जवळजवळ पाऊण तासाच्या त्या सिंफनीत झांजेचा ठोका एकच, शेवटच्या मूव्हमेंटमधे, आणि तोही दणदणीत नाही, अगदी बेताचा!! मला या संयमाचं फार कौतुक वाटतं. दादेचंही तसंच, आपल्याकडे जागा आवडली की तिथल्या तिथे 'क्या बात है' निघून जातं, इथे सगळ्या मूव्हमेंट्स संपून कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबायचं.

फरकाचं म्हणाल तर बाबा गेले त्या वर्षी मला आपलं काही ऐकवतच नव्हतं, प्रत्येक अभंगात, प्रत्येक भैरवीत ते होतेच. या संगीताशी मात्र घरातली एकही आठवण जोडलेली नव्हती, शब्दही नव्हते, आणि तिथे त्या अंधारात अनोळखी लोकांमधे बसून मला पहिल्यांदा मोकळं रडता आलं. भीमसेनजी परत लावता आले ते त्यानंतरच.

तिकीट बाल्कनीचं काढा, वरून सगळी वाद्यं दिसतात, आणि जी सिंफनी असेल ती आदल्या दिवशी यूट्यूबवर एकदा ऐकून जा.