मॅस्टोडॉनवर पायथनमधून दुसऱ्या सर्व्हरच्या पोस्टला रिप्लाय देताना 'रेकॉर्ड नॉट फाउंड' का येतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मॅस्टोडॉन (एकमेकांशी जोडलेल्या वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क) साठीची मॅस्टोडॉन डॉट पीवाय ही पायथन लायब्ररी घेऊन बॉट, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारा प्रोग्राम, लिहिलाय, स्वतःची पोस्ट मस्त पडते, पण दुसऱ्या सर्व्हरवरच्या कुणाच्या पोस्टला रिप्लाय द्यायला गेलं की 404 येतो, 'रेकॉर्ड नॉट फाउंड', आणि पोस्ट तर ब्राउझरमध्ये ढळढळीत समोर दिसतेय. आता लायब्ररी सोडून सरळ रिक्वेस्ट्सने (सर्व्हरला थेट मागणी पाठवणारी पायथनची दुसरी लायब्ररी) कॉल मारू का, असं विचारताय.

नका सोडू. रिक्वेस्ट्सने पण हाच एरर येणार, कारण चूक त्या आयडीत आहे. तुम्ही नक्की त्या पोस्टच्या लिंकच्या शेवटचा लांबलचक आकडा उचलून दिला असणार. मी पण तेच केलं होतं आणि एक अख्खा रविवार घालवला होता.

आपल्याला सवय असते की एक पोस्ट म्हणजे एक आयडी, जगात कुठूनही बघा. मॅस्टोडॉनमध्ये तसं नाही. समजा पोस्ट 'अ' सर्व्हरवर लिहिली गेली आणि तुमचं खातं 'ब' वर आहे, तर 'ब' त्या पोस्टची स्वतःकडे एक प्रत ठेवतो आणि त्या प्रतीला स्वतःचा नंबर देतो. तुमचा बॉट बोलतो फक्त 'ब' शी. त्याला 'अ' चा नंबर सांगणं म्हणजे कागलच्या तलाठ्याकडे जाऊन पन्हाळ्यातला गट नंबर मागण्यासारखं आहे, तो म्हणणार असला नंबर आमच्याकडे नाही. आणि फसायला होतं ते असं की दोन्ही नंबर बघायला जुळे भाऊ वाटतात, सुरुवातीचे आकडे बऱ्याचदा तेच, शेवटचे काही फक्त वेगळे, कारण या आयडीच्या पुढच्या भागात पोस्टची वेळ भरलेली असते. त्यामुळे डोळ्यांना वाटतं बरोबरच आहे की.

सगळीकडे सारखी राहते ती पोस्टची मूळ लिंक. म्हणून आकडा विसरा, पूर्ण लिंक घ्या आणि लायब्ररीच्या सर्च फंक्शनला द्या, रिझॉल्व्ह हा पॅरामीटर ट्रू ठेवून. मग 'ब' सर्व्हर 'अ' कडे जाऊन ती पोस्ट आणतो (आधीच आणलेली असेल तर तीच देतो) आणि तुम्हाला स्टेटसेसच्या यादीत त्याच्याकडचा ऑब्जेक्ट (पोस्टची सगळी माहिती एकत्र) मिळतो, त्यातला आयडी खरा. यासाठी टोकनला (बॉटची खात्यात शिरायची किल्ली) रीड स्कोप, म्हणजे वाचायची परवानगी, पण लागतो हां, नुसता राइट देऊन ठेवला असेल तर इथे 403 (परवानगी नाही) खाल. टोकन काढायला सेटिंग्जमध्ये डेव्हलपमेंट म्हणून भाग आहे, तिथे नवीन अ‍ॅप करा आणि ॲक्सेस टोकन कॉपी करा. युजरनेम पासवर्ड देऊन लॉगिन करायचे जुने कोड नेटवर खूप पडलेत, त्यांच्या नादी लागू नका.

मग रिप्लायसाठी स्टेटस पोस्ट हे फंक्शन वापरून इन रिप्लाय टू आयडी देण्यापेक्षा स्टेटस रिप्लाय वापरा (मधे अंडरस्कोर, कोड टाकत नाही, मोबाईलवरून लिहितोय). त्याला नुसता आयडी चालत नाही, सर्चमधून आलेला अख्खा ऑब्जेक्ट द्यायचा. फायदा असा की समोरच्याचं पूर्ण नाव, म्हणजे ॲट युजर ॲट सर्व्हर, ते आपोआप मजकुरात घालतं. हाताने केलं आणि मेन्शन विसरलात तर रिप्लाय थ्रेडमध्ये लागतो पण त्या माणसाला नोटिफिकेशनच जात नाही. माझ्या बॉटने तीन आठवडे असे मुके रिप्लाय दिले आणि मी आपला म्हणतोय लोक एवढे शिष्ट कसे.

आता तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण मराठीत पोस्ट टाकणार असाल तर हे होणारच आहे. माझा बॉट पावसाळ्यात कोल्हापूरच्या पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी टाकतो, बाबा आकडा व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी शीटमध्ये भरतो, बाकी बॉट बघतो. साधारण मॅस्टोडॉनची मर्यादा 500 अक्षरांची, म्हणून मी पायथनमध्ये मजकूर 500 ला कापत होतो. पण पायथनचं लेन फंक्शन काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजतं, 'पाणीपातळी' हा शब्द त्याला 9 वाटतो. मॅस्टोडॉन मात्र आपण मोजतो तसं मोजतं, पा णी पा त ळी, म्हणजे 5. म्हणजे मी निम्मी जागा फुकट घालवत होतो, आणि वरून कापताना एकदा नेमकी शेवटची वेलांटी तुटली आणि पोस्टच्या शेवटी छापून आलं 'पाणीपातळ'. कोल्हापुरात हे लिहिल्यावर लोक काय म्हणतात विचारू नका, एकाने रश्शाबद्दल बोलताय का म्हणून विचारलं. उपाय सोपा आहे, रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं (पायथनमधलं नेहमीचं आरई नव्हे), त्यात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स हा पॅटर्न दिला की पूर्ण अक्षरं सुटी होऊन येतात, ती मोजा आणि तिथेच कापा. लिंक असेल तर ती कितीही लांब असू दे, 23 च धरतात. आणि पोस्ट करताना लँग्वेजमध्ये मराठीचा दोन अक्षरी कोड, एमआर, द्यायला विसरू नका, नाहीतर भाषेचा फिल्टर लावणाऱ्यांना तुमची पोस्ट दिसायची नाही.

दुसरी एक गोष्ट जी मला महागात पडली. एका रात्री पंचगंगा 42 च्या वर गेलेली, इशारा 39 ला आणि धोका 43 फुटांना, म्हणजे सगळे फोन हातात धरून बसलेले. बॉट घरच्या रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवर, लाइट जा ये करतेय, नेट त्याहून वाईट. पोस्ट गेली पण उत्तर परत यायच्या आत टाइमआउट झालं, माझ्या कोडने समजलं गेलीच नाही, परत पाठवली, परत टाइमआउट, परत पाठवली. लागोपाठ तीन पोस्ट, आणि मधल्या काळात मी शीटमध्ये नवा आकडा भरलेला त्यामुळे तिसरीत पाणी वेगळं. आत्तीचा फोन आला की अरे नक्की किती आहे, सामान वर चढवू का नको. दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणजे स्टेटस पोस्टला आयडेम्पोटन्सी की द्यायला लागलो. ती म्हणजे तुम्ही ठरवलेला एक मजकूर, मी तारीख आणि तास जोडून करतो, तीच की परत आली तर सर्व्हर नवीन पोस्ट न करता आधीचीच परत देतो. ही की सर्व्हर तासभर लक्षात ठेवतो, रीट्रायला तेवढं पुरतं.

रेट लिमिटची फार काळजी करू नका, नेहमीच्या सर्व्हरवर 5 मिनिटांत 300 कॉल चालतात आणि संपले तर लायब्ररी आपली आपण थांबते, एरर फेकत नाही. फक्त मग स्क्रिप्ट अडकल्यासारखी वाटते आणि माणूस कंट्रोल सी मारतो.

आणि हो, तुमच्या फाईलचं नाव मॅस्टोडॉन डॉट पीवाय ठेवलं नाहीये ना? ठेवलं असेल तर आत्ता बदला, नाहीतर इम्पोर्ट करताना पायथन लायब्ररी सोडून तुमचीच फाईल उचलतो आणि भलतंच काहीतरी बोंबलतो.

बॉट असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये बॉटची खूण करा आणि व्हिजिबिलिटी अनलिस्टेड ठेवा (पोस्ट कुणालाही बघता येते, पण सर्व्हरच्या सगळ्यांसाठीच्या टाइमलाइनवर येत नाही). मी सुरुवातीला दर तासाला पब्लिक टाकत होतो, तर सर्व्हर चालवणाऱ्याचा मेसेज आला, भाऊ, लोकल टाइमलाइनवर नुसतं तुमचंच पाणी दिसतंय. टेस्ट करताना तर डायरेक्ट (फक्त मेन्शन केलेल्यांना दिसणारी) ठेवून स्वतःच्या दुसऱ्या खात्याला मेन्शन करा, आणि ते दुसरं खातं मुद्दाम वेगळ्या सर्व्हरवर काढा, कारण एकाच सर्व्हरवर दोन्ही खाती असली तर आयडीचा हा सगळा घोळ तुम्हाला कधी दिसणारच नाही.