मावशीची सही चालते का?

प्रश्न: माझी भाची १७ वर्षांची आहे. दोन वर्षं भांडुपला माझ्याकडे राहून कॉलेज करते, आईवडील खेडजवळच्या गावी असतात. तिला ११ आठवडे झालेत. मुलगा १९ वर्षांचा, जबरदस्ती नव्हती असं ती सांगते. तिला गर्भ ठेवायचा नाही. डॉक्टर म्हणतात, आईवडिलांची सही आणा, शिवाय पोलिसांना कळवावं लागेल. गावी कळलं तर तिचं शिक्षण तिथंच थांबेल.

उत्तर: ताई, गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात ‘आईवडील’ हा शब्द कुठेच नाही. मुलगी १८ च्या आतली असेल तर ‘पालका’ची लेखी संमती लागते, आणि पालक म्हणजे जिच्याकडे त्या मुलीचा प्रत्यक्ष सांभाळ आहे ती व्यक्ती. इथे त्या तुम्ही. आईवडिलांना वेगळं कळवण्याची अट कायद्यात नाही. डॉक्टर अडतात ते बहुतेक पुढच्या कटकटीच्या भीतीनं, त्यामुळे कागद हातात घेऊनच जा: तिचा वयाचा दाखला, तुमचं आधार, आणि ती तुमच्याकडे राहते हे दाखवणारं काहीही. कॉलेजच्या प्रवेश अर्जात पालक म्हणून तुमचं नाव असेल तर त्याची प्रत सगळ्यात उपयोगी. संमतीच्या फॉर्मवर (फॉर्म सी) नातं ‘मावशी’ असंच लिहा. ‘आई’ लिहून सही केलीत किंवा तिचं वय १८ सांगितलंत, तर सरळ प्रकरण विनाकारण वाकडं होईल.

आता पोलिसांचं. इथे डॉक्टर बरोबर आहेत. १८ च्या आत मुलीच्या संमतीला पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) किंमत नाही, त्यामुळे कलम १९ खाली त्यांना माहिती द्यावीच लागते. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली, तर डॉक्टरांनी त्या माहितीत तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती तोंडी करून येऊ नका. दोघींच्या सहीचा अर्ज द्या, पोच घ्या. एफआयआरची प्रत आणल्याशिवाय गर्भपात नाही, असं कुणी म्हणालं तर तशी अट कायद्यात नाही.

एक गोष्ट मात्र कटू आहे. कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं, म्हणजे तुम्हीही त्यात येता, आणि २०२२ च्या निकालातली सवलत डॉक्टरांपुरती आहे. मुलगी गरोदर राहिली की पॉक्सोत गुन्हा गंभीर प्रकारात जातो, किमान शिक्षा २० वर्षं. मुलगा १९ चा आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. या मुद्द्यावर वकिलाला समोर बसून कागद दाखवा. आणि तिला एकटीला विचारा, खरंच जबरदस्ती नव्हती ना? असेल तर ओळख लपवण्यापेक्षा तक्रार महत्त्वाची. मग गर्भाचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवायला रुग्णालयाला आधीच सांगावं लागतं, नंतर तो पुरावा परत मिळत नाही. तक्रार झाल्यास जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या वेशात घ्यायचा असतो.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून सोनोग्राफी आधी. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं. तुम्हाला वेळ आहे, पण तो दवाखाने बदलण्यात घालवू नका. गोळ्यांची मर्यादा नऊ आठवड्यांची, ती उलटून गेली. मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणल्या तर पिशवी पूर्ण साफ न होण्याचा, रक्तस्राव न थांबण्याचा धोका असतो, आणि मध्यरात्री मोठ्या रुग्णालयात धावावं लागू शकतं. खासगी दवाखाना निवडलात तर गर्भपात केंद्र म्हणून मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते बघा. सायन, केईएम, नायर यांपैकी कुठेही जाता येईल.

उद्या आईवडील कळून आड आले आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर मुलीचं स्वतःचं मत महत्त्वाचा घटक मानावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात म्हटलं आहे. तिचं म्हणणं तिच्याच अक्षरात, तारीख टाकून, आजच लिहून घ्या.