पूल सरकारचा आहे की नाही ते सोडा, पगार कोण देतं ते बघा

तुम्ही विचारलंय की, मुलगी अमेरिकन नागरिक आहे, एका राज्याच्या डीओटीत (वाहतूक खात्यात) सिव्हिल इंजिनियर आहे, फेडरल शैक्षणिक कर्ज 60,000 डॉलर. आता त्याच खात्याची कामं करणाऱ्या कन्सल्टन्सीने जास्त पगार देऊ केलाय, तर पीएसएलएफची (सरकारी नोकरीत 120 हप्ते भरल्यावर उरलेलं फेडरल कर्ज माफ करणारी योजना) माफी टिकेल का?

नाही टिकणार. टेबल, साइट, पूल सगळं तेच राहिलं तरी डब्ल्यू-2 वर (पगाराच्या वार्षिक कर-फॉर्मवर) खाजगी कंपनीचा ईआयएन (कंपनीचा कर-क्रमांक) आला की त्या महिन्यापासून मोजणी थांबते. आधीचे हप्ते मात्र वाया जात नाहीत. 120 हप्ते सलग असावे लागत नाहीत, त्यामुळे सरकारी नोकरीत परतली की पुढे मोजले जातात.

पगारवाढीसमोर नेमकं काय सोडतोय ते मांडून बघा. समजा पगार 75,000, अविवाहित, कर्ज 2014 नंतरचं, व्याज 6 टक्के. दहा वर्षांच्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये हप्ता 666 डॉलर, आणि 120 हप्त्यांत कर्जच संपतं, माफ व्हायला काही उरत नाही. (बरेच जण इथेच फसतात.) आयबीआरमध्ये (उत्पन्नानुसार हप्ता ठरणारा प्लॅन) 2025 ची दारिद्र्यरेषा धरून हप्ता साधारण 430. दरमहा व्याजच 300 लागतं, म्हणून मुद्दल हळू उतरते आणि दहा वर्षांनी 38-39 हजार उरतात. ते माफ, फेडरल करही नाही. पगार वाढला की हप्ता वाढतो आणि ही रक्कम घटते. कर्ज वर्षाच्या पगाराच्या निम्मं किंवा त्याहून कमी असेल तर माझ्या मते माफीसाठी नोकरीला चिकटून राहू नये.

जादा पैसे भरून मोजणी पळत नाही. एका महिन्याला एकच हप्ता. पीएसएलएफच्या नोकरी-पडताळणी फॉर्मवर एचआरची सही दरवर्षी घ्यावी, नोकरी सोडताना तर नक्कीच. दहा वर्षांनी जुन्या ऑफिसात सहीसाठी माणूस शोधणं जिवावर येतं.

आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्ससारख्या फेडरल खात्याकडून ऑफर आली तर तिथली परतफेड योजना वेगळी आहे, त्यात खातंच कर्मचाऱ्याच्या कर्जाचे पैसे भरतं: वर्षाला कमाल 10,000, एकूण 60,000, किमान तीन वर्षांचा करार. ही रक्कम करपात्र असते आणि करार मोडला तर परत करावी लागते. देणं खात्याच्या मर्जीवर आहे, म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच विचारावं.

एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) गेलेल्या एखाद्या भाच्याचं भारतीय बँकेचं कर्ज यातल्या कशातच बसत नाही. ते फेडणारा कर्जदार भारतात जुन्या पद्धतीने कर भरत असेल, तर शिक्षणकर्जाच्या सवलतीखाली (1961 च्या आयकर कायद्यात कलम 80ई) फक्त व्याजाची वजावट, तीही आठ वर्षंच.