राजा बरा की कारकून?

(वाचकांच्या प्रश्नांना एका निवृत्त अव्वल कारकुनाची उत्तरं)

प्रश्न : काका, मी परभणीला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सरावाला 'राजेशाहीचे गुणदोष' हा निबंध आलाय. आमचे आजोबा म्हणतात, निजामाच्या राज्यात दाराला कडी लावावी लागत नव्हती. खरं आहे का? जमल्यास गुण पाच, दोष पाच असे मुद्दे द्या. — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, छत्तीस वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली निम्मी रेकॉर्ड रूममध्ये. तिथं मुद्दे नसतात, बस्ते असतात, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे. वडील उर्दूत शिकलेले, त्यांच्याकडून ती लिपी मला आली. त्यामुळे बदली कुठंही होवो, फसली सालाचे (निजामाच्या महसुली वर्षाचे) कागद, सेतवार (जमिनीची नोंदवही), इनामाचे मुंतखब (मंजुरीचे दाखले) वाचायला मलाच हाक. तेव्हा बस्त्यातलंच सांगतो, मुद्दे तू पाड.

कडीचं आधी. माझी आजीही हेच म्हणायची. एकदा मी विचारलं, "आजी, घरात चोरण्यासारखं होतं काय?" म्हणाली, "दोन मडकी अन् एक घोंगडं." ज्वारी होती, पण ती पेवात, जमिनीखालच्या खड्ड्यात. आणि वर माती सारून पेवाचं तोंड झाकलेलं होतं ते चोराच्या भीतीनं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, लावली, तेव्हा लेव्हीवाल्याला दिसू नये म्हणून. आजोबांना विचार, त्यांनाही आठवत असेल.

'निजामाचं राज्य' असं आपण एका दमात म्हणतो, पण ते एकसारखं नव्हतं. आमचं गाव दिवाणी, म्हणजे सरळ सरकारच्या अमलाखालचं. ओढ्यापलीकडचं गाव जहागिरीतलं. मातीही तीच काळी आणि पाऊसही तोच. आमच्याकडे तहसीलदारानं ऐकलं नाही तर वर अव्वल तालुकदार, त्याच्याही वर औरंगाबादला सुभेदार. दरख्वास्त द्यायला निदान पायऱ्या होत्या. पलीकडे जहागीरदाराचा कारभारी म्हणेल ती पूर्व दिशा. मुलगी तिकडं द्यायला लोक कां कूं करायचे. आजी म्हणायची, "तिकडं वेठ लई." साहेबाचा मुक्काम पडला की सरपण, दूध, कोंबडी, सगळं फुकट न्यायचं, ओझंही डोक्यावर वाहायचं. तिसरा प्रकार सर्फ-ए-खासचा. त्या मुलखाचं उत्पन्न थेट निजामाच्या खासगी खजिन्यात. राजा एक, रयत तीन तऱ्हेची. म्हणून कुणी राजेशाही चांगली म्हणालं की मी विचारतो, ओढ्याच्या कोणत्या बाजूची?

गुण नव्हते असं मी म्हणणार नाही. एक माणूस ठरवतो, आणि त्याला पुढच्या निवडणुकीची घाई नसते. सातवे निजाम मीर उस्मान अली यांनी १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ काढलं, आणि वैद्यकी, इंजिनिअरिंगसकट सगळं उर्दूतून शिकवायचं ठरवलं. इंग्रजीशिवाय विद्यापीठ चालत नाही असं मानण्याच्या काळात हे धाडसच होतं. निवडून आलेल्या सरकारला ते पेललं असतं का, मला शंका आहे. पण त्या राज्यातली बहुतेक रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. उर्दू हा राजाचा निर्णय. धाडसही त्याचं आणि आडमुठेपणाही त्याचाच, एकाच फर्मानात! पुढं १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याच विद्यापीठानं काढून टाकलं. बरीच पोरं नागपूरला जाऊन शिकली.

दुसरा बस्ता पाण्याचा. मांजरा नदी आपल्या बीडच्या डोंगरात उगवते. तिच्यावर १९३१ मध्ये निजामसागर पुरा झाला. धरण उत्तम, पण तिकडं तेलंगणात. आमच्या वाट्याला काय, हे विचारायची जागाच नव्हती. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं, म्हणजे संस्थानातल्या मराठी लोकांच्या संघटनेचं, पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा कुठं तोंड उघडायला एक जागा झाली.

आता माझं खरं म्हणणं. रेकॉर्ड रूममध्ये बसून बसून एक गोष्ट मला कळली आणि ती कारकुनाच्या फायद्याची आहे, हे आधीच कबूल करतो. राजाच्या नावावर आपण जे चांगलं मांडतो, ते बहुतेक वेळा राजानं केलेलं नसतं. देवगिरीच्या यादवांचा कारभार म्हटला की हेमाद्री आठवतो. तो श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा मुख्य, माझ्याच जातकुळीतला. औरंगाबादची नहर आणि जमिनीच्या प्रतीवर बसवलेला सारा मलिक अंबरचा. तो गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी, अहमदनगरच्या गादीवर निजामशहा नावापुरता. आणि सालारजंग! १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं हैदराबादचा दिवाण, तीन निजाम पाहिले. त्यानं वसुली मक्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, द्यायची पद्धत मोडून पगारी तालुकदार नेमले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले. त्या तिघांतला शेवटचा, सहावा निजाम महबूब अली, १८६९ मध्ये गादीवर आला तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. म्हणजे राज्याची घडी बसली त्यातली कितीतरी वर्षं राजा दुदूभातू खात होता.

"मग सयाजीराव, शाहू महाराज?" असं तू म्हणशील. म्हणच. बडोद्यात १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, कोल्हापुरात १९०२ मध्ये मागासांना निम्म्या जागा. यांच्यापुढं मी टोपी काढतो. पण दोघेही दत्तक आलेले. एकाला नाशिककडच्या कवळाण्यातून आणलं, दुसऱ्याला कागलच्या घाटग्यांकडून. पारखून आणलेली मुलं, मग शिक्षक लावून घडवलेली. बडोद्याच्या गादीवर त्याआधी रक्ताचे वारस मल्हारराव होते, त्यांना १८७५ मध्ये इंग्रजांनी काढलं. वारसाहक्काचं सगळ्यात गोड फळ आपण दाखवतो, ते कलमी झाडाचं असतं. हे निबंधात लिही, परीक्षक थांबून वाचेल.

वारसा सरळ चालतो असंही नाही. देवगिरीला कृष्णानंतर गादी मुलाकडे न जाता भावाकडे, महादेवाकडे गेली. महादेवानंतर त्याचा मुलगा आमण बसला. मग १२७१ मध्ये कृष्णाचा मुलगा रामचंद्र नटांच्या वेशात माणसं घेऊन किल्ल्यात शिरला आणि खेळ चालू असतानाच आमणाला धरलं, अशी हकीकत महानुभाव ग्रंथांत आहे. सत्तांतरासाठी राजपुत्रांना नाटक करावं लागलं. तुघलकाच्या राजधानीबदलाचं मी लिहीत नाही, ते तुला पाठ असणारच.

दोष एकच घे, पण नीट घे : राजा काढायचा कसा? देश स्वतंत्र झाल्यावरही निजामाच्या राज्यातले आम्ही तेरा महिने थांबलो. स्वामी रामानंद तीर्थांसह माणसं तुरुंगात, गावोगाव रझाकारांची दहशत. १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत आली, १७ ला संपलं. राजाला 'नको' म्हणायला आपल्याला लष्कर लागलं.

याच्या शेजारी १९७२ ठेव. मी एकोणीस वर्षांचा. पाऊस नाही, पेव रिकामं. आमच्या गावानं तहसीलवर मोर्चा नेला, मी पुढच्या रांगेत होतो. तहसीलदार चिडला, पण काम निघालं. आई आणि मी पाझर तलावावर माती वाहिली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. भाकरी घशाखाली उतरत नव्हती. हजेरीपटावर नाव मात्र होतं, आणि मजुरी अडली की पुन्हा मोर्चा. त्यातूनच पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. ओढ्यापलीकडचं गावही त्या मोर्चात होतं, हे लिहायचं राहिलं.

प्रश्न : राजेशाही एवढी वाईट, तर इंग्लंड, स्वीडन, जपान यांनी राजे का ठेवलेत? तिथं तर कारभार चांगला आहे. — एक शिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, त्यांनी राजा ठेवलाय, राज्य काढून घेतलंय. संसदेचा कायदा ब्रिटनच्या गादीनं शेवटचा नाकारला १७०८ मध्ये, राणी ॲननं. तेव्हापासून सही म्हणजे सही. बेल्जियमचं उदाहरण मला फार आवडतं. १९९० मध्ये राजा बोदुअँ यांच्या मनाला गर्भपाताचा कायदा पटेना. सही करवेना आणि अडवताही येईना. मग मंत्रिमंडळानं राजा कारभारास असमर्थ आहे असं जाहीर केलं, स्वतः सही केली, आणि लगेच संसदेनं राजाला परत कामावर घेतलं. आमच्याकडे साहेब नको त्या फायलीच्या दिवशी किरकोळ रजा टाकत, अगदी तसंच!

उपयोग अजिबात नाही असंही नाही. पक्षाबाहेरचा कुणीतरी वर असला की हरलेल्यालाही मान खाली घालायला जागा राहते. पण तो शहाणा निघाला तर. शेजारी बघा, २००८ हे एकच साल. मार्चमध्ये भूतानात निवडणूक झाली, ती चौथ्या राजानं स्वतःहून सत्ता सोडायचं ठरवल्यामुळे. मे महिन्यात नेपाळनं राजेशाहीच मोडीत काढली. भूतानची गादी आजही शाबूत आहे.

प्रश्न : आमच्या भागात आमदाराचा मुलगा आमदार, त्याची सून जिल्हा परिषदेवर. मग राजेशाही गेली कुठं? — एक शेतकरी, गेवराई तालुका

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. गादी गेली तरी गादीपुढं वाकायची सवय कमरेत राहते. 'मायबाप सरकार' असं लिहिलेले अर्ज मी निवृत्तीच्या महिन्यापर्यंत घेतले.

एवढंच सांगतो, मतमोजणीच्या ड्यूट्या मी खूप केल्या. एका वर्षी असेच एक वारस, वडिलांचा मतदारसंघ, हार-तुरे आणि गुलाल ट्रॅक्टरमध्ये तयार. अकराव्या फेरीपासून आकडा घसरायला लागला. शेवटची बेरीज मी केली, साहेबांनी दोनदा तपासली. तो मुलगा माझ्या टेबलासमोर खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "काका, जरा पाणी द्या." मी तांब्या पुढं केला. पाणी पिऊन त्यानं मोजणीच्या कागदाची प्रत मागितली, नियमाप्रमाणे पोच लिहून दिली आणि मागच्या दारानं गेला. बाहेरच्या गुलालाचं काय झालं, विचारायचं राहून गेलं.