सायकलीची दुखणी: मॅट फ्रेमचा टवका आणि नेलपॉलिशचा ठिपका

प्रश्न: नमस्कार. माझी सायकल मॅट ब्लॅक आहे, घेऊन दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात मित्राच्या गाडीच्या रॅकवर टाकून चोर्ला घाटात नेली आणि उतरवून बघतो तर वरच्या पाइपवर तीन टवके उडालेले, आतलं चंदेरी दिसतंय. घरात बायकोचं काळं नेलपॉलिश होतं ते लावलं, तर आता डांबराचे थेंब पडल्यासारखं चकचकतंय, आधीपेक्षा जास्त दिसतं. सगळी फ्रेम परत रंगवायला लागेल काय? (फोंड्याहून एक वाचक)

उत्तर: नाही हो, तीन टवक्यांसाठी फ्रेम कसली रंगवताय. आणि नेलपॉलिशची आयडिया वाईट नव्हती, अर्धीच झाली एवढंच.

आधी ते का चकचकतं ते बघा. मॅट हा काही वेगळा रंग नाही, काळा तो काळाच, फक्त सगळ्यात वरच्या थरात सिलिकाची एकदम बारीक पूड घातलेली असते, त्यामुळे तो थर डोळ्याला कळणार नाही इतपत खरखरीत राहतो आणि त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे पांगतो. नेलपॉलिश सुकताना सपाट होतं, उजेड सरळ परत फेकतं, म्हणून रंग तंतोतंत जुळला तरी ठिपका लांबून ओळखू येतो. आता हे कळलं की दुसरी चूक पण टळते, ती म्हणजे रबिंग कंपाउंड, रंग घासून चमकवायची पेस्ट. चारचाकीवाले सांगतील की टचअप करा आणि कंपाउंड मारून मिसळून घ्या. चकचकीत रंगाला ते बरोबर, पण मॅटवर घासलं की आजूबाजूचा खरखरीतपणा जातो आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या टवक्याभोवती रुपयाएवढा चमकणारा चट्टा तयार होतो जो परत मॅट होत नाही. मी माझ्या पहिल्या मॅट फ्रेमवर हे केलंय, अजून बघतो तेव्हा स्वतःलाच शिव्या देतो. वॅक्स पॉलिशपण नको.

म्हणजे टवका गायब करायच्या नादाला लागू नका, तो नुसता बंद करा. बंद का करायचा तर फ्रिजवरचं लोहचुंबक आणून फ्रेमला लावून बघा. चिकटत नाही आणि आत चंदेरी आहे म्हणजे ॲल्युमिनियम. दुकानदार म्हणतील ॲल्युमिनियमला गंज येत नाही, सोडून द्या. लाल गंज येत नाही हे खरं, त्याच्यावर आपोआप ऑक्साइडची पातळ साय धरते आणि ती धातूला सांभाळते, पण आपल्याकडची खारी हवा, त्यातलं क्लोराइड ती साय जागोजागी फोडतं. मग पांढरी भुकटी दिसते आणि वाईट म्हणजे टवक्याच्या काठावरून रंगाच्या खाली गांडूळ फिरल्यासारख्या बारीक रेषा पसरत जातात. फ्रेम त्याने लगेच मोडत नाही, पण छोट्या टवक्याचा पुढे मोठा पोपडा होतो. फोंड्यात समुद्र जरा लांब आहे, मिरामार नाहीतर कळंगुटला राहणाऱ्याने मात्र चालढकल करू नये. जाता जाता बाटलीच्या स्टँडचे स्क्रू पण काढून ग्रीस लावून परत बसवा, स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमची फ्रेम एकमेकाला लागून असले आणि मध्ये खारं पाणी गेलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रू असा धरून बसतो की काढताना खोबणीसकट बाहेर येतो.

आता काम. तुमचे ठिपके फुगीर झाले असणार, तर टूथपिकने हळू खरवडून बघा, निघतील. नाहीच निघाले तर कानात घालायची कापसाची काडी रिमूव्हरमध्ये जेमतेम ओली करून फक्त ठिपक्यावर फिरवा, आणि हे वर करायच्या आधी पेडलचा दांडा फ्रेममध्ये जिथे बसतो त्याच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही, तिथे करून बघा, कारण रिमूव्हरमधलं ॲसिटोन मूळ रंगालापण मऊ करू शकतं. एनसी थिनरची, म्हणजे लॅकर रंग पातळ करायच्या द्रावणाची, तर बाटली उघडूच नका. मग साबणाचं पाणी, पुसणं, आणि शेवटी सर्जिकल स्पिरिटचा बोळा, बोटाचा तेलकटपणा राहिला तर नवीन रंग पहिल्या पावसात सुटतो. टवक्याची कड उचललेली असेल तर तेवढीच नखाने काढा. पॉलिश पेपर मारायचाच असेल तर ६०० नंबरचा बारीक तुकडा पेन्सिलीच्या मागच्या टोकाला चिकटवून फक्त खड्ड्याच्या आत फिरवा, बाहेर एक रेघ पण नको.

रंगासाठी दोन रस्ते. पहिला, तेच काळं नेलपॉलिश परत लावा पण टूथपिकच्या टोकाने, खड्ड्याच्या आतच, काठावर चढू न देता, एक पातळ थर, सुकला की दुसरा, फ्रेमच्या पातळीच्या जरा खाली थांबा. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मॅट टॉप कोट, हा नेलपॉलिशच्याच दुकानात मिळतो, कदाचित बायकोच्या डब्यात असेलच, आधी विचारा. दुसरा रस्ता म्हणजे मॉडेल बनवणारे वापरतात तो मॅट ॲक्रिलिक, तामिया कंपनीचा एक्सएफ-१ हा फ्लॅट ब्लॅक १० मिलीच्या बाटलीत येतो आणि ती एक बाटली तुम्हाला सायकल विकेपर्यंत पुरेल. ॲक्रिलिक नखाने ओरखडतो, म्हणून त्याच्यावरपण मॅट टॉप कोट घ्या. कुठलाही रस्ता घ्या, बाटली दोन मिनिटं नीट हलवा. मॅट करणारी पूड तळाला बसते, न हलवता वरचं वरचं घेतलं की मॅटच्या बाटलीतून चकचकीत ठिपका येतो आणि माणूस बाटलीला दोष देतो. जाड थर दिला तरी तेच.

हार्डवेअरमध्ये मॅट ब्लॅक मागितलं की बऱ्याचदा सायलेन्सरचा स्प्रे हातात देतात, तो घेऊ नका, तो सायलेन्सरच्या उष्णतेवर भाजून पक्का होणारा रंग आहे, सायकलीची फ्रेम कुठे तापते, तिच्यावर तो हाताला लागत राहतो.

आणि हे सगळं भर पावसात करू नका. हवा दमट असताना असला पटकन सुकणारा रंग धातूला थंड करतो, वर ओल धरते आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते. गणेश चवथीच्या आसपास चार दिवस कडक ऊन पडतं ना, त्यातली दुपारची वेळ बघा, सायकल घरातच ठेवा, एक दिवस हात लावू नका आणि आठवडाभर पाणी मारू नका. रॅकचा पट्टा जिथे लागतो तिथे पुढच्या वेळी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, घरी आल्यावर मात्र काढा, त्याच्याखाली ओल आणि माती राहिली तर तीच रंग घासते.

प्रश्न: मी दिवाडीला राहते, कामाला रोज फेरीबोटीने सायकल घेऊन पलीकडे जाते. माझी फ्रेम मॅट हिरवी, लोखंडी. फेरीच्या कठड्याला लागून लागून रंग गेला आणि आता तांबूस फोड आलेत. सासूबाई म्हणतात बिंबल, ते आंबट फळ, घास. घासू? (दिवाडीहून एक वाचक)

उत्तर: सासूबाईंना हसू नका ताई, बिंबलात ऑक्झॅलिक ॲसिड असतं आणि ते गंज खरंच काढतं, म्हणून तर तांब्यापितळेची भांडी त्याने लखलखतात. अडचण नंतर आहे. आंबट लोखंडावर राहिलं की तासाभरात नवीन गंज, म्हणून घासलं तर भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं, हेअर ड्रायर असेल तर तो मारा.

तुमचं दुखणं फोंड्यावाल्यांपेक्षा मोठं आहे कारण फोड आलाय म्हणजे गंज रंगाच्या खाली पसरलाय, दिसतो त्याच्या बाहेरपर्यंत. फोडाचा रंग पूर्ण खरवडा, चांगला घट्ट रंग लागेपर्यंत, भोक मोठं झालं म्हणून घाबरू नका. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने धातू स्वच्छ करा, लगेच रेड ऑक्साइड प्रायमरचा पातळ थर, त्याच दिवशी, उद्यावर ढकललं तर खाडीवरची हवा रात्रीत काम करते. मग हिरवा, मग मॅट क्लिअर, म्हणजे बिनरंगी मॅट थर. हिरवा शंभर टक्के जुळणार नाही, मॅट हिरवा तर नाहीच नाही, त्यापेक्षा जवळचा जरा गडद घ्या, गडद ठिपका सावलीसारखा वाटतो, फिका डोळ्यात खुपतो. आणि खरवडताना टोक आत रुतलं किंवा पाइप दबला तर रंग बाजूला ठेवा आणि वेल्डिंगवाल्याला दाखवा.

आमच्या वाड्यावरच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीला रंग असा उरलेलाच नाही, पण तो दर रविवारी तेलाचं फडकं फिरवतो आणि सायकल माझ्या लहानपणापासून पाव आणते. मॅटवर तेलाचं फडकं डाग पाडेल, पण उघड्या लोखंडावर प्रायमर मिळेपर्यंत एक दिवस तेवढं केलं तर चालेल, प्रायमर मारताना स्पिरिटने पुसून घ्या म्हणजे झालं.

प्रश्न: काका, माझ्या मॅट सायकलचा वरचा पाइप मांडी घासून चमकायला लागलाय. स्कॉचब्राइट मारू का? (म्हापशाहून नववीतला विद्यार्थी)

उत्तर: नको रे बाबा. तो घासून गुळगुळीत झालाय, स्कॉचब्राइटने मॅट होणार नाही, ओरखडे उठतील आणि ते उजेडात फिरताना दिसतील. मांडी लागते म्हणजे सीट खाली आहे का ते आधी बघ, नववीत उंची वाढते, सायकल तीच राहते.